सखोपंतांचा पॉज

उज्वला बावीस वर्षं विंगेत बसली होती, आणि बावीस वर्षांत प्रेक्षकांतल्या एकाही माणसाने तिचा आवाज ऐकला नव्हता. तिला याचा भारी अभिमान. प्रॉम्प्टरचा आवाज तिसऱ्या रांगेत गेला की प्रॉम्प्टर नापास, असं ती मानायची.

ओझरच्या विमान कारखान्यातल्या कामगारांची ही हौशी नाटकमंडळी. दर हिवाळ्यात कामगारांच्या नाट्यस्पर्धेला उतरायची, आणि दरवर्षी दुसरं काही करू म्हणत म्हणत पुन्हा ‘संगीत उलटा मुहूर्त’च करायची. पेशवाईतलं नाटक, शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेलं. दोन घराणी, दोन लग्नं, आणि कोणता मुलगा कोणत्या मुलीला सांगून आलाय याचा सगळा घोळ. उज्वलाचा नवरा सोमनाथ त्यात सखोपंत व्हायचा, म्हणजे लग्न जुळवणारा विसरभोळा मध्यस्थ.

सुरुवातीला मंडळींना मुलीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा उज्वलाचं नाव निघालं होतं. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला: आमच्या घरातली सून नाटकाच्या फळीवर उभी राहणार नाही. मग कुणीतरी म्हणालं, प्रॉम्प्टिंग तरी करू द्या, विंगेतली बाई कुणाला दिसते? सासूबाईंनी बराच विचार केला आणि दिसत नसेल तर बसू दे म्हणाल्या. अशी उज्वला नाटकात गेली. सातवी शिकलेली पोर. सगळ्यांच्या भूमिकांच्या नकला हाताने उतरवून काढता काढता तिचं अक्षरही सुधारलं आणि मराठीही.

प्रॉम्प्टिंगमध्ये शब्द देणं सोपं असतं. अवघड असतं ते थांबणं. नट बोलता बोलता गप्प झाला, की तो पॉज घेतलेला आहे की पडलेला आहे, हे क्षणात ओळखावं लागतं. घेतलेल्या पॉजमध्ये शब्द टाकला तर नट खुन्नसने बघतो; पडलेल्या पॉजमध्ये नाही टाकला तर तो घामाने भिजतो. उज्वलाला ते पाठीवरून कळायचं. घेतलेल्या पॉजमध्ये माणसाचे खांदे खाली असतात, पडलेल्यात कानांकडे चढतात. तरी नटाच्या डोक्यात अगदीच अंधार झाला तर मंडळींनी एक खूण ठरवली होती: उपरण्याचं टोक चिमटीत धरायचं. टोक धरलं की उज्वला शब्द टाकणार. सगळ्यांनी कधी ना कधी ते टोक धरलं होतं. सोमनाथने एकदाही नाही. “मला शब्द लागत नाही,” तो म्हणायचा आणि खरंच लागायचा नाही.

गंमत अशी की त्याचं काम विसरण्याचंच होतं. दुसऱ्या अंकात मुलीचा बाप विचारतो, मुलाचं नाव काय? सखोपंत म्हणतात, “मुलाचं नाव... भुजंगराव. छे, तो मामा.” मग पॉज. “सारजा. छे छे, ती घोडी.” मग आणखी मोठा पॉज. “नाव राहू द्या हो, मुलगा मोठा गुणाचा आहे.” इथे थिएटर कोसळायचं. आणि शेवटच्या प्रवेशात अंतरपाट धरलेला, भटजी खोळंबलेले, कोणता मुलगा कोणाचा याचा कुणालाच पत्ता नाही, अशा वेळी सखोपंतांना अचानक सगळं आठवतं आणि ते खणखणीत आवाजात सांगतात, “चिरंजीव रघुनाथ, आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी यमुना!” वाजंत्री. पडदा.

विसरायचं ठरलेल्या जागी, आठवायचं ठरलेल्या जागी. बावीस वर्षं.

मग अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर सोमनाथ ठरल्याशिवाय विसरायला लागला.

आधी स्कूटर. नाशकातल्या रविवार कारंजाच्या चौकात लावलेली स्कूटर तिथेच ठेवून तो चालत पंचवटीत घरी आला आणि संध्याकाळी ती चोरीला गेली म्हणून पोलिसांत निघाला. मग कारखान्यात हत्यारं देण्याच्या खिडकीवर, जिथे तो गेली एकोणीस वर्षं बसत होता, तिथे दोनदा भलतंच हत्यार भलत्याच माणसाला गेलं. शेजारच्याने सांभाळून घेतलं. मग एका सकाळी चहा पिताना त्याने मनमाडला दिलेल्या लेकीचं, शुभांगीचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. उज्वलाने हळूच “शुभांगी” म्हटलं. त्याने कप खाली ठेवला.

“मला येतं नाव.”

“येतं हो. मी आपलं म्हटलं.”

“म्हणू नकोस.”

उज्वलाने एका डॉक्टरांचं नाव काढलं. मेंदूचे, गुरुवारी दुपारी बसतात. सोमनाथ म्हणाला, वेड लागलंय का मला? त्यानंतर दर बुधवारी ती आठवण करायची आणि दर गुरुवारी त्याला काहीतरी काम निघायचं. एवढं मात्र त्याला बरोबर आठवायचं.

अशात मालिका आली.

मुंबईहून महेश नावाचा तिशीतला दिग्दर्शक आला. ‘उलटा मुहूर्त’वर वाहिनीसाठी सव्वीस भागांची मालिका करायची होती त्याला: जुना काळ, नऊवारी, पगड्या, प्रेम, हशा. चित्रीकरणाला चांदोरीला नदीकाठचं एक जुनं चौकाचं घर भाड्याने घेतलं होतं. मुख्य कामांना मुंबईचे नट होते, पण सखोपंत त्याला मनासारखा मिळेना. कुणीतरी त्याला कामगारांच्या प्रयोगाला नेलं. तिथून तो उठला तो थेट रंगपटात, आणि सोमनाथच्या पाया पडला. सोमनाथने तिथल्या तिथे हो म्हटलं. उज्वलाला हे घरी येताना रिक्षात कळलं, तेही दोनदा.

आता काय करायचं होतं तिने? महेशला सांगायचं, की बाबा यांना घेऊ नका, हे विसरतात? विसरभोळ्याच्या कामाला घेतलेल्या माणसाबद्दल? शिवाय सोमनाथ किती महिन्यांनी असा आनंदात होता. त्याने कारखान्यातून रजा टाकली, मिश्यांना तूप लावायला लागला. तिने फक्त एवढंच विचारलं, तिकडे प्रॉम्प्टर असतो का. महेश हसला. म्हणाला, नाही हो काकू, आवाज तिथल्या तिथे रेकॉर्ड होतो, उंदीर हलला तरी टेप खराब.

मग ती फुलांच्या वाटेने आत शिरली. तिचं माहेर मखमलाबादचं. भाऊ चिमाजी फुलांचा मळा करायचा आणि सराफ बाजारात माल आणायचा. जुन्या काळातल्या मालिकेला रोज गजरे लागणार, हार लागणार, लग्नाच्या प्रसंगाला मुंडावळ्या लागणार, आणि जवळून टिपलेल्या चेहऱ्यांना प्लास्टिकची फुलं चालणार नाहीत. चिमाजीने बहिणीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आक्का, फुलं मी देतो, लय झाली तरी देतो. पर तू तिथं जाऊन काय करशील? शब्द तर टाकता येणार नाय.”

“नुसती बसेन.”

“मंग बस,” चिमाजी म्हणाला. त्यालाही दुसरं काही सुचत नव्हतं.

पहिले चार दिवस सोन्यासारखे गेले. नाटकातले प्रवेश होते. सोमनाथने पगडी चढवली, अंगरखा घातला, उपरणं खांद्यावर टाकलं, की सखोपंत त्याच्या अंगात हजर. भुजंगराव, मामा, सारजा, घोडी, एकेक पॉज मापात. उज्वला चौकाच्या खांबाआड शेवंतीच्या टोपलीपाशी बसून त्याचे खांदे बघायची. खांदे खाली. तिला वाटलं, आपणच भलतंसलतं मनात घेतलं.

पण तीन अंकांचं नाटक सव्वीस भागांना कसं पुरणार? पाचव्या दिवसापासून नवे प्रसंग यायला लागले. सकाळी मुंबईच्या लेखकाने लिहिलेली पानं फॅक्सने यायची, नऊला नटांच्या हातात आणि अकराला कॅमेऱ्यासमोर. मुंबईच्या नटांना याची सवय होती. ते दाढी करता करता पाठ करायचे. सोमनाथ ते पान घेऊन नदीकडे तोंड करून बसायचा. उज्वला शेजारी बसून त्याच्याकडून म्हणवून घ्यायची. दहा वेळा घ्यायची, अकराव्यांदा त्यातलं काही उरलेलं नसायचं. चाळणीत पाणी ओतावं तसं.

त्या दिवशी प्रसंग असा होता की सखोपंत यमुनेला तिच्या प्रियकराचा निरोप सांगतात. कॅमेरा सुरू झाला. सोमनाथ म्हणाला, “यमुने, तुला सांगायचं होतं...” आणि थांबला.

उज्वलाने त्याचे खांदे चढताना पाहिले. तिच्या ओठांवर शब्द आला आणि तिने शेवंतीचं एक फूल तोंडात दाबून धरलं.

तो नुसता उभा राहिला. डोळे यमुनेकडे, मग तिच्या हातातल्या तबकाकडे, मग आकाशाकडे. कितीतरी वेळ. मग अगदी खरं सांगावं तसं म्हणाला, “फार चांगलं काहीतरी होतं ग.”

सगळा चौक हसला. महेश धावत आला. म्हणाला, काका, हे पानात नाहीये, हे कुठून आणलंत? हा पॉज कुठून आणता तुम्ही? मुंबईच्या मोठ्या नटाने सोमनाथला मिठी मारली. सोमनाथही हसला. काय झालं ते त्याला कळलं होतं की नाही, कोण जाणे, पण तो हशा त्याला ओळखीचा होता.

त्या रात्रीच महेशने मुंबईला फोन लावला आणि सखोपंतांचे प्रसंग वाढवून घेतले.

आठवडाभर असंच चाललं. सोमनाथ जितका विसरायचा तितका गाजायचा. उज्वलाने शेवटी धीर केला आणि जेवणाच्या सुट्टीत महेशला गाठून सांगितलं, की ते जे करतात ते नाटक नाही, त्यांना खरंच आठवत नाही, मला त्यांची काळजी वाटते. महेशने तोंडातला घास गिळला आणि इतक्या प्रेमाने हसला की तिला त्याचा रागही येईना. “काकू,” तो म्हणाला, “तुम्ही दोघं घरी पण हेच करत असाल ना?” तिने लेकीला मनमाडला फोन केला. शुभांगी म्हणाली, आई, बाबा पहिल्यापासून तसलेच आहेत; आणि मग मालिका कधी लागणार ते विचारलं.

एकट्या स्वराजला काहीतरी जाणवलं होतं. आवाज टिपणारा अबोल माणूस, कानांवर मोठे हेडफोन, हातात काठीला बांधलेला माईक. एका संध्याकाळी सामान आवरताना तो तिच्या टोपलीपाशी येऊन उभा राहिला.

“काकू, काकांचा श्वास बदलतो,” तो म्हणाला. “नाटकातला पॉज असतो तेव्हा श्वास चालू असतो. बाकीच्या वेळी ते श्वास धरून ठेवतात. मला ऐकू येतं.”

उज्वलाने मान हलवली. त्याने चार गजरे उरले होते ते बायकोसाठी मागून घेतले. त्या दिवशी तिला पहिल्यांदा नीट झोप लागली, आणि झोपेतून उठल्यावर लक्षात आलं की स्वराजला कळून तरी काय उपयोग. तोही तिच्यासारखाच फक्त ऐकणारा.

तिची सगळी भिस्त शेवटच्या दिवसावर होती. शेवटचा प्रसंग नाटकातलाच होता, अक्षर न बदलता. अंतरपाट, भटजी, चिरंजीव रघुनाथ. बावीस वर्षं म्हटलेलं वाक्य. नवी पानं जाऊ देत, ती काय, फॅक्सवरची. पण रघुनाथ जाणार नाही. रघुनाथ आहे तोवर सगळं आहे, असं तिने मनाशी धरलं होतं.

त्या दिवशी चिमाजीने पहाटेच मोगरा आणून दिला. तिने स्वतः मुंडावळ्या गुंफल्या. भर दुपारी चौकात मांडव सजला, पन्नास वऱ्हाडी उभे राहिले, अंतरपाट धरला गेला. मुलीच्या बापाने विचारलं, “अहो सखोपंत, आता तरी सांगा, हा मुलगा कोण?”

सोमनाथ पुढे झाला. छाती भरून घेतली. म्हणाला, “चिरंजीव...”

आणि थांबला.

इथे पॉज नव्हता. बावीस वर्षांत इथे कधीच पॉज नव्हता. उज्वला टोपली सोडून उभी राहिली. तिला त्याची पाठ दिसत होती. खांदे चढले, आणखी चढले. मग त्याचा उजवा हात हळूहळू वर आला, छातीवर चाचपडला, आणि त्याने उपरण्याचं टोक चिमटीत धरलं.

“रघुनाथ,” उज्वला म्हणाली.

ती म्हणाली असंही म्हणता येणार नाही. टोक धरलं गेलं आणि शब्द सुटला, इतकंच. विंगेतला आवाज, तिसऱ्या रांगेला न जाणारा. पण माईक तिसऱ्या रांगेत नव्हता, सोमनाथच्या डोक्यावर होता. स्वराजने डोळे मिटले.

महेश ‘कट’ म्हणाला. आवाज कुणाचा होता म्हणून विचारलं. पन्नास वऱ्हाडी वळून खांबाकडे बघायला लागले. उज्वलाला वाटलं की सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, शेवटी दिसलीसच. ती माफी मागायला पुढे आली, पण तिच्याआधी सोमनाथ बोलला. पगडी काढून, साध्या आवाजात.

“तिला काही बोलू नका. शब्द मी मागितला.”

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग महेशच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहून उज्वला एक पाऊल मागे सरली. तो भारावला होता. म्हणाला, हेच, हेच तर पाहिजे होतं, नाटकात हे नव्हतं. सखोपंतांना अख्ख्या जन्मात एक गोष्ट आठवायची, आणि तिचीही आठवण बायको करून देते! त्याने तिथल्या तिथे कपडेवालीला बोलावलं. उज्वलाला हिरवी नऊवारी नेसवली, नथ घातली, हातात तिचीच फुलांची टोपली दिली आणि मांडवाच्या खांबापाशी उभं केलं. तिने नको म्हटलं. दोनदा, तीनदा म्हटलं. सोमनाथ तिच्याकडे बघत होता, घाबरलेल्या मुलासारखा. ती उभी राहिली.

प्रसंग सहा वेळा झाला. एकदा लांबून, एकदा जवळून, एकदा फक्त तिच्यावर, एकदा फक्त त्याच्या चिमटीवर. दर वेळी तो ‘चिरंजीव’ म्हणायचा, थांबायचा, टोक धरायचा. दर वेळी ती ‘रघुनाथ’ म्हणायची. ती खांबाआड होती तेव्हा त्याने खरंच मागितलं होतं, हे तिला माहीत होतं. पहिल्या दोन वेळी तो महेशने सांगितलं म्हणून मागत होता, हेही माहीत होतं. आता ती समोरून बघत होती. पाठ नाही, चेहरा. आणि तिसऱ्या वेळी तिला कळेना. हे घेतलेलं आहे की पडलेलं? डोळे तेच होते, चिमूट तीच. चौथ्या वेळीही कळेना. तिने स्वराजकडे पाहिलं. त्याने हेडफोनवर हात दाबून धरला आणि अगदी थोडी मान हलवली. त्यालाही नाही.

बावीस वर्षांत तिला एवढं एकच काम येत होतं. सहाव्या वेळेपर्यंत तेही गेलं. ती दर वेळी शब्द देत राहिली.

मालिका मार्चात लागली, संध्याकाळी साडेसातला. शेवटच्या भागाला गल्लीतली माणसं घरात मावेनात. शुभांगी मनमाडहून आली, चिमाजी मखमलाबादहून पेढे घेऊन आला. उज्वलाचा आवाज पहिल्यांदा लोकांनी ऐकला. सगळे खो खो हसले, मग बायकांनी डोळे पुसले, मग पुन्हा हसले. काय जोडी आहे, असं जो तो म्हणाला. कारखान्यातला सोमनाथचा साहेब मुद्दाम घरी आला होता, त्याला उज्वलाने दारापाशी गाठून खिडकीवरचं काम बदलून द्यायची विनंती केली, का ते सांगितलं, तर तो स्वतःच्या शर्टाचं टोक चिमटीत धरून हसत हसत जिना उतरला. चिमाजी मात्र हसला नव्हता. तो कोपऱ्यात पेढ्यांचा खोका धरून बसला होता आणि भाग संपल्यावर बहिणीला एवढंच म्हणाला, “आक्का, हे खरंच हाय ना?”

“हो रे.”

तो जाताना सगळ्यांचे कप विसळून गेला.

पाहुणे पांगल्यावर सोमनाथ बंद टीव्हीसमोर बसला होता. उज्वला चटया गोळा करत होती. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “तो गुरुवारवाला. जाऊ आपण.”

हे तिने टाकलेलं नव्हतं. हे त्याचं त्याने काढलं होतं. ती चटई हातात धरून उभीच राहिली.

गुरुवारी तिने त्याला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायला दिला. कारखान्याच्या दवाखान्याचे जुने कागद पिशवीत घेतले. निमाणी बसस्टँडच्या कोपऱ्यावर रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं, मग वळून पाहिलं, आणि त्याचा चेहरा फुलला.

“अरे, सखोपंत! बसा बसा. वहिनी पण हायेत. बोला पंत, कुठं जायचं? का विसरले?”

सोमनाथने तोंड उघडलं. मग हात वर नेला, खांद्यावर उपरणं नव्हतं, तर शर्टाच्या कॉलरचं टोक चिमटीत धरलं.

रिक्षावाला मांडीवर थाप मारून हसला. सोमनाथही हसत होता. की रिक्षावाला हसला म्हणून हसत होता? उज्वलाने त्याचे खांदे पाहिले. चेहरा पाहिला. मग बघायचं सोडून दिलं.

तिने पिशवी मांडीवर घेतली, त्याच्या बाजूला झुकली आणि रिक्षावाल्याला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात डॉक्टरांचं नाव टाकलं. सोमनाथने ते उचललं आणि खणखणीत आवाजात सांगितलं.